आत माणूस आहे

पिंपळगाव बसवंतच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या हंगामात गोरक्ष गेला. द्राक्षांचे क्रेट रचता रचता तो मागे राहिला, बाहेरून कुणीतरी दार लावून घेतलं आणि सकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

यंदा दार आपोआप लावणारं यंत्र बसवायला मालक किशोरशेठनी नाशिकहून पल्लवी या इंजिनिअरला बोलावलं. काम सुरू करण्याआधी पल्लवी गोरक्षच्या बायकोला भेटली. मैना तिथेच पॅकिंगला होती. मशीनने काय करायला हवं, असं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, की दार लावायच्या आधी त्यानं आत बघावं. पल्लवीने तेच यंत्रात घातलं. माल खराब झाला तरी चालेल, पण आत माणूस असताना दार लागणार नाही.

चाचणी व्यवस्थित झाली. मग माल भरला, आणि दार लागेना. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'आत माणूस आहे.'

पल्लवीने कॅमेरे पुसले, सेन्सर बदलले. पडद्यावर मागच्या कोपऱ्यात एक फिकट डाग दिसत होता, गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखा. ती स्वतः तिथवर गेली. क्रेटखेरीज काही नव्हतं. तिने खाली हात टेकला. त्या गारठ्यात तेवढी फरशी कोमट होती.

बाहेर किशोरशेठ वैतागले होते. द्राक्षं मऊ पडायला लागली होती. ती अट काढून टाका, म्हणाले. पल्लवीने नाइलाजाने लॅपटॉप उघडला.

मैना मागे येऊन उभी राहिली होती.

"आत माणूस हाय म्हणतंय ना ते?"

"चुकतंय ते, मैनाताई. आत कुणी नाहीये."

"तवाबी असंच म्हणले होते सगळे."

पल्लवीचा हात थांबला.

मैना आत गेली. बराच वेळ तिचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत राहिलं. शब्द कळत नव्हते. शेवटचे तेवढे कळले.

"चला आता घरी."

ती सावकाश बाहेर आली. एक हात अंगापासून थोडा लांब, कुणाला आधार दिल्यासारखा.

पडद्यावरची अक्षरं गेली. दार आपोआप सरकलं आणि लागलं.

पल्लवीने लॅपटॉप मिटला. अट तशीच ठेवली.

मैनाला घरी सोडते म्हणून तिने गाडी काढली. मैना मागे बसली. सीटबेल्टची घंटी वाजू लागली. पल्लवीने पट्टा लावला, मैनानेही लावला. घंटी वाजतच राहिली.

मैनाने शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढला, कुणाला काचू नये अशा बेताने पुढून घेतला आणि अडकवला.

घंटी थांबली.