वैशाखातली पालवी

गुग्गुळाला पालवी फुटली म्हणून कोणी पोलिसांना बोलावतं का? शालिकराम माळ्यानं बोलावलं. फौजदार नानाजी वैशाखाच्या उन्हात चरफडतच प्रताप नगरात पोचले.

वैद्य कृष्णकांत बारा दिवसांपासून घरी नव्हते. त्यांच्याकडेच मुक्कामाला आलेला धाकटा भाऊ शरच्चंद्र, कळमेश्वरचा जडीबुटीवाला, सांगत होता की दादा माल आणायला बिकानेरला गेले. ना पत्र, ना तार. वैद्यांची बायको सुमती रोज त्यांचं ताट वाढून वाट बघायची. चार दिवसांपूर्वी पालवी दिसली, तेव्हापासून मात्र तिचा चेहरा उजळला होता. झाड हिरवं झालं म्हणजे माणूस सुखरूप, असं तिनं मनाशी धरलं होतं. बुंध्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

अंगणात वाळू-मुरमाचा वाफा, त्यात खांद्याएवढं काटेरी झुडूप. शेजारी धुपाटणं. शरदभाऊजी दादांसाठी रोज संध्याकाळी इथेच धूप घालतात, सुमती कौतुकानं सांगू लागली. देवघर सोडून अंगणात? नानाजींनी नुसती मान हलवली.

शालिकराम मेव्हण्याच्या लग्नाला पंधरा दिवस कुहीला होता. सकाळीच परतला होता. नानाजींनी त्याला विचारलं,

"तुले भेव कायचं वाटलं गा?"

"साहेब, हे वाळवंटातलं झाड. उन्हाळ्यात पानं गाळते, नुसत्या काटक्या राहते. पाणी भेटलं तरच फुटते. सहा वर्सं पाहून राहिलो. वैद्यबुवा उन्हाळ्यात मले थेंब टाकू देत नव्हते."

सुमतीनं पाणी घातलं नव्हतं. नळाला प्यायपुरतंच यायचं. शरच्चंद्र म्हणाला, आपण तर झाडाकडे फिरकलोच नाही.

"मग धूप कोण घालते, शरदराव?"

शरच्चंद्राची नजर धुपाटण्याकडे गेली.

"मी सांगतो," नानाजी म्हणाले. " उकरलेली जमीन खचते. ती बसावी म्हणून तुम्ही रोज रात्री बाहेरच्या विहिरीवरून बादल्या आणून ओतल्या. वास दबावा म्हणून धूप घातला. झाडाले वाटलं पाऊस आला, त्यानं पानं काढली."

शरच्चंद्रानं सगळं कबूल केलं. गुग्गुळात तो भलताच डिंक मिसळून विकत होता. दादांनी ते पकडलं, उद्या ठाण्यात जातो म्हणाले. तेवढ्यावरून त्यानं सख्ख्या भावाच्या डोक्यात मुसळ घातलं होतं.

शालिकरामानं फावडं उचललं. सुमती वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. रडली नाही.

"हळू खण," ती म्हणाली. "चार दिवसांपासून मी त्यांच्याच उशाशी नवस बोलून राहिली."