हाक मारणारा द्रोण

आवाज होता. तो ओळखणारे कान नदीतल्या बेटावर होते. मधे पाण्याचा एक पट्टा होता, फार रुंदही नव्हता. तरी तो आवाज त्या कानांपर्यंत पोहोचवायचा कसा, या कोड्यापाशी सगुणा अडली होती.

आवाज तिच्या आजोबांचा, धुळा आबांचा. तो तिच्या हातातल्या जुन्या म्युझिक प्लेअरमध्ये साठवलेला होता. कान मेंढ्यांचे होते.

सगुणाचे घर माणदेशातले, धनगराचे. चाऱ्यासाठी कळप घेऊन ती माणसे नदीच्या कडेने चालली होती. घोडे आणि निम्मा कळप घेऊन आई पुढच्या मुक्कामाला गेली होती. मागे आबा, सगुणा आणि ढवळ्या असे तिघे उरले होते. ढवळ्या हा चार पायांचा यंत्रसोबती (माणसाबरोबर चालणारा, ओझे वाहणारा आणि बोलणारा यंत्रमानव). त्याचा रंग राखाडी होता, पण आबांच्या पहिल्या बैलाचे नाव ढवळ्या होते, म्हणून यालाही तेच मिळाले.

सकाळी पात्रात पाण्याची बारीक धार होती. ती ओलांडून गाभण मेंढ्या बेटावरच्या हिरवळीत शिरल्या. दुपारी ढवळ्याला धरणावरून संदेश आला. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला होता आणि दरवाजे उघडावे लागत होते. मदतीची गाडी निघाली होती, पण ती पोहोचेपर्यंत उशीर झाला असता. पाणी आता मेंढीच्या गुडघ्याला लागले होते. तासाभरात ते तिच्या पाठीवरून जाणार होते.

ढवळ्या पाण्यातून बेटावर गेला आणि मेंढ्यांना मागून हाकू लागला. त्या घाबरून पलीकडच्या कडेला, खोल पाण्याच्या बाजूला गोळा झाल्या. एकीचा पाय घसरला. ढवळ्या लगेच थांबला आणि उलट्या पावली परत आला. भीती घालून मेंढ्या पाणी ओलांडणार नव्हत्या. ओळखीच्या हाकेमागेच त्या जायच्या आणि ती हाक एकाच माणसाची होती.

पण आबांच्या घशाची शस्त्रक्रिया उन्हाळ्यात झाली होती. हळू बोलायला डॉक्टरांनी याच आठवड्यात परवानगी दिली होती. आबांनी एकदा बोलून पाहिले, तेव्हा पंक्चर झालेल्या चाकातून निघावी तशी हवा निघाली. त्यानंतर ते हातवाऱ्यांनीच बोलत होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आईने त्यांची हाक प्लेअरमध्ये टिपून ठेवली होती, आठवण म्हणून.

आता ती वाजवायची कशावर? शांतता कायदा होऊन बरीच वर्षे झाली होती. कोणतेही यंत्र उघड्यावर मोठ्याने बोलत नसे. ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानबीत (कानात बसणारे, बीएवढे ऐकण्याचे साधन) जाई. ढवळ्याही सगुणाशी कानबीतूनच बोले. स्पीकर दुकानांतून नाहीसे झाले होते. मेंढ्यांना काही कोणी कानबी बसवल्या नव्हत्या.

आबांनी पायताण काढले. पागोटे सोडून ते कमरेला घट्ट बांधू लागले. ते काय करणार आहेत हे सगुणाला कळले. ते पाण्यात उतरतील, मेंढ्यांपाशी जातील आणि पाणी वाढले तरी त्यांना सोडून परत येणार नाहीत.

"आबा, थांबा," ती म्हणाली. "थोडं थांबा. ढवळ्या, कानबीच्या पोटात काय असतं?"

कानबीच्या पोटात एक इवलासा स्पीकरच असतो, असे ढवळ्याने सांगितले. त्यात तीनच गोष्टी महत्त्वाच्या. एक चुंबक, एक तारेची गुंडाळी आणि एक पातळ पडदा.

"मग तोच मोठा करता येईल?"

येईल, ढवळ्या म्हणाला, पण कसा चालतो हे कळले तरच नीट जमेल. त्याने तिला बोलता बोलता गळ्यावर बोट ठेवायला सांगितले. बोटाला थरथर जाणवली. आवाज म्हणजे ही थरथर. गळा थरथरतो, तो हवेला ढकलतो आणि ओढतो, ती हवा पुढच्या हवेला ढकलते. अशी ढकलाढकल कानापर्यंत आली की ऐकू येते. प्लेअरच्या तारेतून मात्र आवाज जातच नाही. तारेतून जाते वीज. आबांचा गळा जसा थरथरला होता, तशीच ती वीज एकदा इकडे, एकदा तिकडे वाहते. तिला पुन्हा हवेची थरथर करायची, एवढेच स्पीकरचे काम.

"वीज हवेला कशी ढकलणार?"

तारेची गुंडाळी करून तिच्यातून वीज सोडली, की गुंडाळी विद्युतचुंबक (वीज वाहते तोवरच टिकणारा चुंबक) बनते. विजेची दिशा उलटली की तिची टोकेही उलटतात. शेजारी साधा चुंबक पक्का बसवून ठेवला, तर तो गुंडाळीला एकदा जवळ ओढतो आणि लगेच दूर लोटतो.

"आपल्या भोऱ्या एडक्यासारखा," सगुणा म्हणाली. "मिठाला जवळ येतो नि पुढच्या घडीला ढुशी देतो."

भोऱ्या सेकंदाला शेकडो ढुशा देऊ लागला, तर उपमा बरोबर आहे, असे ढवळ्याचे मत पडले. ओढल्या-लोटल्या जाणाऱ्या गुंडाळीला एक पडदा चिकटवला, की पडदा हलेल आणि पडद्यापुढची हवाही.

चुंबक आबांच्या काठीला होता. मेंढ्या रानात बसवण्याआधी ते काठी जमिनीवरून फिरवत, म्हणजे चाऱ्यातले खिळे आणि तारांचे तुकडे तिला चिकटत. सगुणाने मागताच त्यांनी तो काठीवरून काढून दिला. तार ढवळ्याच्या सुट्या मोटरीतून निघाली, केसासारखी बारीक, तांब्याची. पडद्यासाठी जेवणाच्या शिदोरीतला कागदी द्रोण. शिवाय तेलाचा रिकामा डबा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचे सोल्युशन.

सगुणाने चुंबकाभोवती कागदाचे दोन वेढे दिले आणि त्यांवर शेजारी शेजारी तार गुंडाळली. मग आतला वेढा हळूच ओढून काढला. आता तार गुंडाळलेली कागदी नळी चुंबकावर सैल वर-खाली होत होती. चुंबकाला घासली तर ती अडेल, फार सैल झाली तर चुंबकाची ओढ पोहोचणार नाही, असे ढवळ्या बजावत होता. नळी तिने द्रोणाच्या बुडाला बाहेरून चिकटवली. द्रोण डब्याच्या तोंडावर ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी बसवला, म्हणजे तो सुटणार नाही, पण हलेल. आबांनी डब्याच्या तळाशी लाकडाचा ठोकळा ठेवून चुंबक त्यावर असा पक्का केला की तो बरोबर नळीत शिरला. त्यांचे हात भराभर चालत होते, पण नजर पुन्हा पुन्हा बेटाकडे जात होती.

प्लेअरची वीज कानात कुजबुजण्यापुरतीच असते. तिला जोर द्यायला वर्धक (दुबळ्या विजेची तंतोतंत नक्कल करून ती जोरकस करणारे मंडल) लागतो. ढवळ्याच्या पाठीवर ओझे उचलायचा एक हात होता. त्या हाताच्या मोटरीला वीज पुरवणारे मंडल याच कामाला लावता येईल, असे त्याने सांगितले. त्याने तसे केले आणि त्याचा हात लुळा लोंबू लागला.

सगुणाने बटण दाबले. काहीच झाले नाही.

तारेची टोके खरवडलीस का, ढवळ्याने विचारले. गुंडाळीचे वेढे एकमेकांना टेकतात. वीज वेढे सोडून मधूनच जाऊ नये, म्हणून या तारेवर लाखेसारखा पातळ लेप असतो. तो लेप जोडायच्या टोकांवरही होता. सगुणाने पात्याने टोके खरवडली, तांबे चमकले. तिने पुन्हा बटण दाबले.

डबा हाक मारू लागला. जिभेवर घोळवलेला लांब 'हिर्रर्र' आणि पाठोपाठ चढत जाणारा 'येऽऽ'. आबा एक पाऊल मागे सरले. त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

पाणी तोवर मेंढीच्या पोटाला लागण्याएवढे झाले होते. प्लेअरला आणि डब्याला जोडलेल्या लांब तारा सोडत ढवळ्या प्रवाहाच्या खालच्या बाजूला पाण्यात जाऊन उभा राहिला, एखादी मेंढी वाहू लागली तर अडवायला. त्याचे तोंड प्रवाहाकडे होते. डबा काठावर ठेवायचे काम आबांकडे होते. प्लेअर घेऊन सगुणा डब्यापासून बरीच दूर, पाण्याच्या कडेला उभी राहिली. आबांनी खूण केली, तिने बटण दाबले.

मेंढ्यांनी माना वर केल्या नाहीत. सगुणाने पुन्हा दाबले. आणखी एकदा.

ढवळ्या म्हणाला, "वीज पूर्ण जोराने जाते आहे. गुंडाळी शाबूत आहे. आवाज निघायलाच हवा."

सगुणा डब्याकडे धावली. डबा घोंगडीवर होता. मोलाची वस्तू धनगर उघड्या जमिनीवर ठेवत नाही. देव असो, पाहुणा असो, की तान्हे मूल, आधी घोंगडी अंथरायची. आबांना आज आपला हरवलेला आवाज ठेवायचा होता. त्यांनी घोंगडीची चौपदरी घडी अंथरली होती, डबा तिच्यात टेकवला होता आणि पाणी उडू नये म्हणून चारी कडा वर घेतल्या होत्या. हाक आतून येत होती, पण थंडीत डोक्यावरून पांघरूण घेतल्यावर बाहेरची कुत्री ऐकू येतात, तशी.

"आबा, घोंगडी हाक गिळतीय."

आबांनी तिच्याकडे पाहिले, घोंगडीकडे पाहिले. लोकरीच्या तंतूंमध्ये हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. आवाजाची थरथर त्यांत शिरते, तंतूंना घासत घासत दमते आणि विरते. जी घोंगडी थंडी अडवते, ती आवाजही अडवते. हे सगळे समजावून सांगायला वेळ नव्हता. आबांनी घोंगडी बाजूला केली. डबा मात्र त्यांनी जमिनीवर ठेवला नाही. तो खांद्यावर घेतला आणि द्रोणाचे तोंड बेटाकडे केले.

सगुणाने बटण दाबले.

काळतोंडी नावाच्या म्हाताऱ्या मेंढीचे कान उभे राहिले. ती वळली. हाक पुन्हा आली, तशी ती पाण्यात उतरली. तिच्यामागे दुसरी, मग चार, मग सगळा पांढरा-काळा लोंढा. मधल्या धारेत एक तरणी मेंढी तिरपी वाहू लागली, ती ढवळ्याच्या कुशीला अडली आणि त्याच्याच आधाराने पाय टेकत पुढे सरकली. आबा हाक खांद्यावर घेऊन एक एक पाऊल मागे जात राहिले आणि मेंढ्या त्या हाकेमागे वाळू चढत राहिल्या.

शेवटची मेंढी वर आली, तेव्हा सगुणाने कळप मोजला. ती वाळूत बसली. आबा प्रत्येक मेंढीच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत होते. कोणी मागे राहिले नव्हते. थोड्या वेळाने बेटावरची हिरवळ दिसेनाशी झाली आणि बाभळींचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर उरले.

काळतोंडीने डबा हुंगला. मग आबांना हुंगले. मग पुन्हा डबा. वास एकीकडे आणि हाक दुसरीकडे, हे तिला पटलेले दिसत नव्हते. आबा नुसतेच हसले, आवाज न करता.

सगुणाला आता एक नवाच प्रश्न पडला होता. विजेने पडदा हलतो, तर पडदा हलवून वीज मिळेल का? ढवळ्याने सांगितले की मिळते. द्रोणासमोर कोणी बोलले, तर द्रोण थरथरेल, गुंडाळी चुंबकाजवळ हलेल आणि तिच्यात तशीच मागेपुढे होणारी वीज निर्माण होईल. आवाजाची वीज करणाऱ्या साधनाला ध्वनिग्राहक म्हणतात. त्याच्या स्वतःच्या मानेत एक होताच.

"तुला अगदी बारीक आवाजही ऐकू येतो?"

येतो, तो म्हणाला. आणि तो डब्यातून मोठा करूनही सोडता येईल. सगुणाने प्लेअरची तार काढली. ती काही बोलण्याआधीच आबा ढवळ्याजवळ येऊन बसले होते. त्यांनी डबा कळपाकडे वळवला आणि ढवळ्याच्या मानेशी तोंड नेले.

मग डब्यातून जे निघाले, ते प्लेअरमधल्या हाकेसारखे नव्हते. ते खरखरीत होते, मधे मधे तुटत होते आणि त्यात 'हिर्रर्र'पेक्षा हवाच जास्त होती. शेवटचा 'येऽऽ' मात्र चढायचा तसाच चढला.

चरणाऱ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. काळतोंडी चालू लागली. ती डब्यावरून सरळ पुढे गेली आणि आबांच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली.