तुलायची करंगळी

"तुला चहा नाही," असं म्हणत चहावाल्या रूहीकाकांनी इल्करच्या पुढ्यातली बशीसुद्धा उचलली.

बंदराच्या धक्क्यावर, बागेतल्या चहाच्या हॉटेलात बसलेलं अर्धं आयव्हालिक गाव खो खो हसलं. तुलाय नेमकी तेव्हाच आत शिरली. इल्कर दिसला मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हाच तो! युरोपातल्या बायकांच्या व्हॉलीबॉल क्लबांचा चषक. हरला तो घरी, असली स्पर्धा. तुलायच्या संघाने रुमानियात मार खाल्ला होता आणि काल घरच्या मैदानावर त्याचं उट्टं काढलं होतं. बरोबरी झाली म्हणून निकालासाठी पंधरा गुणांचा एक जादा सेट. त्यात तेरा-चौदा असे मागे असताना रुमानियाच्या पोरीने हाणलेला चेंडू तुलायच्या बाजूने जाऊन रेषेबाहेर पडला. सगळे नाचायला लागले... आणि कोपऱ्यातल्या या लाइनमनने झेंडी उभी धरून तिच्या टोकावर पंजा ठेवला. म्हणजे चेंडू आधी तुलायला लागला होता. पंचांनी त्याचंच ऐकलं, गुण रुमानियाला दिला. तपासायला कॅमेरे लावण्याची ऐपत इथे कुणाची? संपली स्पर्धा.

ती तरातरा त्याच्या टेबलाशी गेली.

"इथे येऊन बसायला लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. पण चहाची तलफ त्याहून मोठी."

"लाइनमनने रेषेकडे बघायचं असतं, मास्तर!" तो एरवी शाळेत गणित शिकवायचा.

"हो, असतं..." तो अडखळला. "पण माझी नजर तुमच्याकडे जाते. तीन हंगाम झाले— सवय सुटत नाही."

तुलायचे कान गरम झाले. मेला, एवढं करून वर हे!

"गोड बोलू नका!"

"बरं. करंगळी कशी आहे?"

कोटाच्या खिशातला हात तिने आणखी खोल खुपसला. "दारात सापडली."

"असेल. बर्फ लावा. शेजारच्या बोटाला धरून पट्टी बांधा."

बस, एवढंच. खोटं बोलतेस, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं!

"मास्तर, रुमानियावाल्यांनी किती दिले रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"उद्या हेडमास्तरांकडे जातोय आम्ही," दुसरा म्हणाला. "असला लबाड माणूस पोरांना काय शिकवणार?"

इल्करने मान खाली घातली. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं, तेही नाही. तुलायला सगळ्यांचा संताप आला. गावाचा, त्याच्या त्या सभ्यपणाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने खिशातून हात काढला आणि टेबलावर आपटला. करंगळी सुजून काळीनिळी झाली होती.

"ही बघा! चेंडू मला लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं, तरी 'बाहेर, बाहेर' म्हणून मीच नाचत होते. लबाड मी आहे! शाळेत कसले जाता? मला बोला काय ते!"

रूहीकाका ट्रे घेऊन आले.

"तुलाही चहा नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

ती धपकन इल्करसमोर बसली. डोळे भरून आले होते, राग तसाच होता.

"तीन हंगाम बघत होतास, तर तोंडाला कुलूप का होतं?"

"लाइनमनने खेळाडूशी बोलायचं नसतं."

"आणि आता?"

"आता तू स्पर्धेबाहेर. मीच काढलं ना..." त्याने रुमाल काढला, हळूच तिची दोन बोटं एकत्र बांधली. "तुलाय, मला तू फार आवडतेस."

"दुखतंय!" ती म्हणाली. हात मात्र तिने काढून घेतला नाही. "समोरच्या बेटावर जाणाऱ्या बोटीत चहा मिळतो म्हणे."

"तिथेही नाही म्हणाले तर?"

"तर म्हणू देत! मी भांडेन."