दाराची आतली बाजू

घरात तिला सगळे ताई म्हणत. बाहेर ती चित्रकार होती, बऱ्यापैकी नाव असलेली, आणि तोंडाची फटकळ. त्या वर्षी तिने एकच काम हातात घेतलं होतं. लहानपणीचं घर पाडायच्या आत ते कागदावर उतरवून घ्यायचं.

उतरवायचं म्हणजे रंगवायचं नाही हं. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं. भिंतीवर पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावायचा, ग्राफाइटची जाड कांडी आडवी धरायची आणि घासत सुटायचं. पोपडे, खिळ्यांची भोकं, जुन्या कॅलेंडरची कड, सगळं कागदावर उमटतं. डोळ्यांना दिसत नाही तेही उमटतं. महिन्याला एक खोली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि जमिनीपासूनची उंची लिहायची, हा तिचा नियम. वर्षाअखेरी प्रदर्शन, आणि त्यानंतर घरावर हातोडा.

घर विकलं होतं धाकट्या भावाने. तो आईला घेऊन नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता आणि ताईच्या कामाची त्याला भारी गंमत वाटायची.

"काय ताई, भिंतींना मालिश झालं का आज?"

"झालं. आता तुझ्या डोक्याला करते, ये."

वरवर असं हसणं-खिदळणं चालायचं, पण आत आग होती. ती आग जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीची. ताई सहा वर्षांची असताना आईने तिला तिथे कोंडलं होतं. उलटून बोलली, एवढाच गुन्हा! दुपारची जेवणं झाल्यावर कोंडलं, ते पार अंधार पडेपर्यंत. फिनेलचा वास, ओल्या पोत्यांचा वास आणि दार खरवडणारी आपलीच नखं, हे तिला लख्ख आठवायचं. आणि चाळीस वर्षं घरातले काय सांगत होते? असं काही झालंच नाही. आई म्हणायची, "स्वप्न पडलं असेल तुला." धाकटा म्हणायचा, "ताई कलाकार माणूस, काहीही रचते." आता तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल? कोंडल्याचा राग एक वेळ ओसरतो हो. खोटं पाडल्याचा नाही ओसरत.

तेव्हा खरं सांगायचं तर हॉल, स्वयंपाकघर, माडी हे सगळं निमित्त होतं. तिला ते एक दार हवं होतं. त्याच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे असणारच. लाकूड कितीही काळवंडू दे, ग्राफाइट ते ओरखडे बाहेर काढणार. मग तो कागद आईसमोर आपटायचा आणि म्हणायचं, आता बोल.

अकराव्या महिन्यात, एका भर दुपारी, ती त्या दारापाशी आली. इतकी वर्षं आईने त्याच्यासमोर भलंमोठं कपाट लावून ठेवलं होतं. ते नव्या घरी गेलं आणि दार मोकळं झालं. बाहेरची कडी गंजून बसली होती. हातोडीचे चार ठोके दिले तेव्हा कुठे ती सुटली.

बंद खोलीतून गार हवा यायला हवी होती. आली ती उबदार. कुणी झोपून नुकतंच उठावं आणि अंथरूण चाचपून बघावं, तशी. फिनेलचा वास मात्र तोच. त्या वासासरशी तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. दुसरं कुणी असतं तर तिथून पळालं असतं. पण ही रागात होती, आणि रागात माणसाला भीती उशिरा कळते.

आत धड उभं राहायलाही जागा नव्हती. उजेड नाही, हात फिरवायला वाव नाही. मग तिने सरळ बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उतरवलं आणि टेम्पोत घालून आपल्या स्टुडिओत आणलं. खोली तशीच उघडी टाकली. रिकाम्या खोलीतून चोरणार काय कोणी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार टेबलावर आडवं ठेवून तिने खालच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला कागद कोरा. दुसऱ्यावर ओरखडे उमटले. बारीक, एकमेकींना चिकटून चार रेघा, पुन्हा चार, पुन्हा चार. कोपऱ्यात तिने लिहिलं, नव्वद सेंटिमीटर. सहा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल इतकी उंची. ताई मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "झालं होतं! झालं होतं गं!" असं कुणाला तरी सांगत राहिली. स्टुडिओत तर कुणीच नव्हतं.

नियम म्हणजे नियम, म्हणून तिने वरचा कागदही घेतला. तो कोरा निघायला हवा होता.

निघाला नाही. एकशे दहावर ओरखडे होते. तिला वाटलं, घाईत खाली जुना कागद राहिला असेल. असे दोन कागद एकावर एक राहिले की खालचं वर उमटतं, या कामात ती चूक सगळ्यांकडूनच होते. तिने कागद काढला, झटकला, लाकूड पुसलं आणि नवा कागद लावला. पुन्हा तेच. एकशे वीस. एकशे पस्तीस. खाली रेघांमधलं अंतर इवलंसं होतं. वर वर जाताना ते रुंदावत गेलं होतं. सगळ्यात वर, एकशे साठवर, ग्राफाइटची गरजच पडली नाही. तिथे लाकूड ताजं सोललेलं होतं, पांढरं, आणि कुसळं कागदाला चिकटून आली. तिने आपली बोटं त्या रेघांवर ठेवली. ती बरोबर बसली.

तिने हात झटकन मागे घेतला. आणि पुढच्याच क्षणी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा! दुसरं कोण करणार? कपाट हलवलं तेव्हा आत शिरून पटाशीने कोरून ठेवलं असणार, पुन्हा ताईला वेड्यात काढायला. गंजलेली कडी आपणच ठोकून सोडवली, हे रागात तिला आठवलंही नाही. तिने कागद गुंडाळले आणि तडक फ्लॅट गाठला.

भावजयीने दार उघडलं. ताईचा चेहरा बघून ती काही न विचारता चहा टाकायला आत गेली. आई तिच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, धाकटा पलंगावर पेपर वाचत होता. ताईने कागद आईच्या पुढ्यात अंथरले.

"हे बघ. खालचं माझं आहे. आणि वरचं या दिवट्याचं!"

"मी काय केलं?" धाकटा उडालाच. "ताई, शपथ सांगतो, त्या दाराला मी हात लावलेला नाही. आईने लावूच दिला नाही..."

आई पुढे वाकली. खालच्या कागदाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात वरचा कागद तिने दोन्ही हातांनी उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"इतकी उंच झाली..." ती पुटपुटली.

"कोण?"

"त्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडलं." आईचा आवाज अगदी खाली गेला. "तू बाहेर आलीस. डोळे कोरडे. हात धुतलेस आणि जेवायला बसलीस. आणि आत... रडणं थांबलंच नाही."

"आत कोण रडत होतं, आई?"

"तूच."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज झाला. धाकट्याच्या हातातला पेपर कधी खाली पडला, त्यालाही कळलं नाही.

"मी वळून बघितलं नाही गं. कडी लावून टाकली. कपाट लावलं. काही झालंच नाही म्हणून सांगत राहिले. झालं म्हटलं असतं, तर कुणीतरी दार उघडून बघितलं असतं ना... तुला आठवतं का, तू बाहेर आलेली?"

ताईने तोंड उघडलं. अंधार आठवत होता, वास आठवत होता, बोटांची आग आठवत होती. दार उघडल्याचं आठवत नव्हतं.

"कडी नीट लावून आलीस ना?" आईने विचारलं.

"कडी कुठे लावू?" ताई म्हणाली. "दारच काढून आणलंय..."

तेवढ्यात बेल वाजली. भावजय लगबगीने गेली, आणि बाहेरून तिचा आवाज आला.

"अगंबाई, ताई! तुम्ही खाली कधी उतरलात? मी चहा टाकलाय ना तुमचा... अहो, या ना आत, अशा बाहेर का उभ्या?"

खोलीत कोणी हललं नाही. मग आई उठली. आधाराशिवाय तिला उठता येत नसे, ती उठली. खोलीबाहेर गेली, आणि पुढच्या दारापाशी थांबून बोलली. चाळीस वर्षं ताई ज्या शब्दांसाठी जीव टाकत होती, नेमके तेच शब्द.

"चुकलं गं माझं, बाळा. मी कोंडलं होतं तुला. ते सगळं झालं होतं. खरं होतं."

"मला म्हण!" ताई किंचाळली. "आई, मी इथे आहे! ते मला म्हण!"

पुढच्या दारातून ताईच्याच आवाजात कुणीतरी हळूच विचारलं,

"आई, आत कोण ओरडतंय?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं, आणि पलंगावरून उठून तो भिंतीला जाऊन टेकला.