पुलावरची जोडी

मिलानहून सुट्टीला आलात, उद्या आमच्या तारांतोच्या नवसाच्या अनवाणी जोड्या बघायला जाणार. जा. फोटो काढा. फक्त कुणाच्या शेजारी कोण चाललंय, ते विचारू नका. हसताय? हसा, पोरांनो. तुमचा आजोबा एजिदिओ, माझा मेव्हणा, तोही आधी असाच हसायचा. कोझिमो काका बुडाला, एवढंच तुम्हाला सांगितलंय ना? दार लोटून घ्या. आजीच्या कानावर जायला नको.

चार वर्षांपूर्वीचा, ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. शनिवारी तुमच्या आजीचं मोठं ऑपरेशन. डॉक्टरांनी हात टेकलेले. एजिदिओ नवस बोलला: अनवाणी, पांढऱ्या झग्यात, हातात काठी, तोंडावर कापड घेऊन, एक शब्द न बोलता सगळी चर्चं पायी करीन. हे एकट्याचं काम नव्हे, जोडीदार लागतो. शिंपल्यांच्या धंद्यातला भागीदार कोझिमो तयार झाला.

"दिवसभर तोंड बंद ठेवायचं. तुला जमणार का रे?" एजिदिओने चिडवलं.

"वहिनीसाठी मेलो तरी येईन," कोझिमो म्हणाला.

गुरुवारी दुपारी त्याचा इस्त्रीचा पांढरा झगा पिशवीत घालून मी पोचवायला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पहाटे होडी घेऊन गेलाय, अजून पत्ता नाही." मी पिशवी काखेत मारून धक्क्यावर गेलो. होड्या शोधायला निघाल्या. एजिदिओचा फोन नवसापायी घरीच पडलेला.

रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी कोझिमो सापडला. शिंपले वाढवायच्या दोरांत अडकलेला. डॉक्टर म्हणाला, सकाळीच गेला.

मी चर्चच्या वाटेवरच्या पुलाकडे धावलो. म्हटलं, बिचारा एजिदिओ जोडीदाराची वाट बघत चर्चच्या दारातच बसला असेल. पण पुलावरून एक जोडी येत होती. डुलत डुलत, एकेक पाऊल. डावीकडे एजिदिओ, त्याच्या पायाचा वाकडा अंगठा मी कुठेही ओळखीन. उजवीकडचा...

कुणीतरी बदली मिळाला, असं मला वाटलं. जवळ जाऊन कानात पुटपुटलो, "एजिदिओ, कोझिमो गेला रे. सकाळीच बुडाला."

तो थांबला. कापडाच्या भोकांतले डोळे माझ्याकडे आले. मग पिशवीकडे. मग हळूच... उजवीकडे.

मीही पाहिलं. त्या दुसऱ्याचं कापड नाकाशी हलत नव्हतं. आत श्वासच नव्हता.

मी पिशवी काखेत घट्ट आवळली.

एजिदिओला पळता आलं असतं. ओरडता आलं असतं. पण नवस मोडला असता... आणि शनिवारी तुमची आजी...

त्याने पाऊल उचललं. शेजारच्यानेही उचललं.

अजून दोन चर्चं बाकी होती.

"निघताना तो दारात वेळेवर येऊन उभा होता," एजिदिओ मला नंतर म्हणाला. "तोंड झाकलेलं, बोलायचं नाही. मी कोझिमोच समजलो. शेवटच्या चर्चमध्ये मेणबत्त्या वितळून फरशीवर मेण सांडलं होतं. त्यातच दोघांनी गुडघे टेकले. मी डोळे मिटून बायकोचं नाव घेतलं. उघडले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं."

आजी वाचली. ऐका, भांडी आपटतेय.

पिशवी रात्रभर माझ्याच काखेत होती. कोझिमोला त्याच झग्यात पुरायचं ठरलं, म्हणून सकाळी ती मी स्वतः उघडली. इस्त्रीची घडी जशीच्या तशी. झगा झटकून उलगडला...

दोन्ही गुडघ्यांवर मेण होतं.