न वाचलेल्या पुस्तकांचं घर

“हे पुस्तक तुम्ही मागच्याच महिन्यात नेलंत!” मी म्हणाले.

टोकियोत जिंबोचो या पुस्तकबाजारातल्या आमच्या दुकानात प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं वेष्टन घालून देतात. घरी गेल्यावर कुठलं कोणतं, कळायची सोय नाही.

“असं? मग वाचलेलं नसणार,” समोरचा माणूस हसला. “माझ्याकडचं एकही वाचलेलं नाही.”

“मग घेता कशाला? उंदरांना घालायला?”

“घरात थोडा ‘उद्या’ साठवायला…”

असं बोलल्यावर माणूस विरघळणार नाही तर काय! त्याचं नाव साकाकी.

मग दर शनिवारी मी त्याच्याकडे जाऊ लागले. जिन्याच्या पायरीपायरीवर पुस्तकं. मी वेष्टनांवर पेन्सिलीनं नावं लिहायची, तो चहा करायचा. एखादं उघडायचं, वास घ्यायचा, पहिली ओळ वाचायची आणि मिटायचं. पुढे काय असेल, यावर दोघांनी तासन्‌तास भांडायचं. काय गोडी होती त्यात! बोटाला बोट लागलं, की तो हात काढून घ्यायचा… पण सावकाश.

नोव्हेंबरात सेन्दाईच्या मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. शनिवारी मी त्याला सांगितलं.

“मुलगा कसा आहे?” त्यानं विचारलं.

“फोटोत बरा दिसतो. पण मला तो नकोय, साकाकी-सान.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्यानं हातातलं पुस्तक मिटलं.

“मिनोरी-सान, तुम्ही येता ते इतकं आवडतं… की बोलून संपवावंसं वाटत नाही. राहू दे ना असंच, न उघडलेलं.”

“मी पुस्तक नाही हो! एक शब्द बोला. आज.”

त्याचे ओठ हलले. “पुढच्या शनिवारी…”

रविवारी मी देवळात गेले. भिक्षूबुवा प्रवचन गाऊन सांगत होते. अमिदा बुद्ध आपल्या हाकेची वाट बघत नाही रे, तोच आधी हाक मारतो. ज्याची माया, त्यानंच आधी साद घालायची! सगळी सभा नामात न्हाऊन निघाली. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

बाहेर येऊन मावशीला फोन लावला. “हो म्हणून कळव.”

“अगंबाई! आवडला ना पण तुला?”

“मावशी,” मी म्हटलं, “त्यानं विचारलंय तरी.”