निःस्वार्थ साक्षीदार

लग्नांच्या नोंदींचं एच ते के या अक्षरांचं पुस्तक एकच होतं, आणि ते आधीच कुणीतरी पळवलं होतं.

"त्या टेबलावर बसलेत ना, त्यांच्याकडे आहे," रेकॉर्डर बर्नडीनबाईंनी चष्म्यावरून बघत बोट दाखवलं. "वाटून घ्या. एवढी गर्दी आमच्याकडे वर्षातून एखाददाच होते."

गर्दी म्हणजे दोन माणसं. त्यातली एक लोर्ना कुबिचेक, गावातल्या चष्म्याच्या दुकानात काम करणारी, ऑक्टोबरच्या गार पावसात भिजून आलेली. आपला ओला कोट कुठे टांगावा हे तिला कळेना, म्हणून तिने तो हातातच धरला होता.

टॅल्बर्ट काउंटीत कुणाचं लग्न कधी आणि कुणाशी झालं, हे कोर्टहाउसच्या खालच्या मजल्यावर येऊन कुणालाही बघता येतं. ज्याचं लग्न त्यालाच ते विचारणं मात्र असभ्यपणाचं समजतात. आयोवातली माणसं तुमची रुतलेली गाडी भर पावसात ओढून काढतील, आजारी पडलात तर दारात गरम जेवण ठेवून गुपचूप निघून जातील... पण 'याआधी तुमची किती लग्नं झाली?' असं तोंडावर विचारायची त्यांची छाती नाही. लोर्नाची आई मार्लिस उन्हाळ्यात ड्वेन हावरकॅम्प नावाच्या विधुराच्या प्रेमात पडली होती आणि आता त्याच्याशी लग्न करायला निघाली होती. "माणूस चांगला आहे ना?" एवढंच लोर्नाने विचारलं. "चांगला आहे," आई म्हणाली. विषय तिथेच संपला. पुढचं विचारायला लोर्ना पुस्तकाकडे आली होती.

टेबलावरचा माणूस तिशीचा असावा. केसांत मक्याची फोलपटं अडकलेली, नाक लाल. तिने खुर्ची ओढली आणि तो जोरात शिंकला.

"जुन्या पुस्तकांची धूळ," ती सहानुभूतीने म्हणाली.

"पुस्तकांची कसली, माझीच. धान्य वाळवायची यंत्रं दुरुस्त करतो मी. सुगीत ही धूळ अंघोळीनेही जात नाही. तुम्हाला कुठलं अक्षर हवंय?"

"एच."

"मला के. मग भांडण कशाला? तुम्ही त्या टोकाने चालू करा, मी या टोकाने."

पुस्तक जाडजूड होतं. तिला एच बघता यावं म्हणून त्याने मधली पानं हाताने उभी धरली, आणि दोघांच्या मधे पानांचा अंतरपाट तयार झाला. वरून त्याचे केस दिसत होते. कोपराला कोपर लागत होतं. दोघांनीही ते काढलं नाही... जागाच कमी होती, दुसरं काय.

"कुणाला शोधताय?" पलीकडून आवाज आला.

"पणजोबांना," लोर्नाने ठोकून दिलं. "वंशावळ करतेय. तुम्ही?"

"मीही तेच. वंशावळ."

"छान छंद आहे."

"हो ना. फार शांत."

दोघंही साफ खोटं बोलत होते. शिवाय दोघांनाही त्याची सवय नव्हती, त्यामुळे दोघांचेही कान लाल झाले होते. पण मधे पानं असल्याने ते कुणालाच दिसलं नाही.

तेवढ्यात लोर्नाला हवं ते नाव सापडलं, आणि तिला हसूच आवरेना. "अहो, हे बघा तरी! या गृहस्थाने एकाच बाईशी दोनदा लग्न केलंय. पहिलं झालं, मोडलं, आणि काही वर्षांनी पुन्हा तिच्याशीच!"

तो पानांवरून वाकला. त्याने ती ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओळ वाचली.

"विसराळू असेल," शेवटी तो म्हणाला. "पहिलं झाल्याचं ध्यानात राहिलं नसेल."

"किंवा बाई फार चांगली असेल."

"हो..." तो हळूच म्हणाला. "तीही शक्यता आहे."

मग त्याने पुस्तक मिटलं आणि विचारलं, समोरच्या दुकानात खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, ताजे असतात, येता का? लोर्नाने एरवी अनोळखी माणसाला नाही म्हटलं असतं. पण त्या वेळी बाहेर पाऊस होता, कोट अजून ओलाच होता, आणि त्याचे डोळे... चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळेच बघणाऱ्या मुलीला त्या डोळ्यांत जरा जास्त वेळ बघावंसं वाटलं, यातच काय ते आलं.

त्याचं नाव जोएल. आडनाव त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही, कारण आपलं सांगावं लागलं असतं. दुसऱ्या कोलाचेनंतर 'तुम्ही'चं 'तू' झालं. निघताना त्याने तिच्या बाहीवरचं एक फोलपट उचललं आणि म्हणाला, "हे माझं. चुकून आलं तुझ्याकडे." लोर्ना घरी जाईपर्यंत उगीचच हसत होती.

रविवारी मार्लिसने ड्वेनला जेवायला बोलावलं होतं. "त्याचा मुलगाही येतोय," ती गाजरं चिरता चिरता म्हणाली. "गुणी आहे म्हणे." दार वाजलं. दारात एक उंच, लाजरा म्हातारा हातात भोपळा घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे, केस नीट विंचरलेला, जोएल.

"हा माझा जोएल," ड्वेन म्हणाला.

"नमस्कार," जोएल म्हणाला. "ऐकलंय तुमच्याबद्दल."

लोर्नाने भोपळा घेतला आणि तो जवळजवळ जोएलच्या पायावरच टाकला.

जेवणानंतर दोघांनी भांडी धुवायला घेतली. ड्वेन आणि मार्लिस बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसून हवामानाबद्दल बोलत होते. या भागात प्रेम असंच करतात.

"तुला तेव्हाच कळलं होतं," लोर्ना दबक्या आवाजात म्हणाली. "मी कोण आहे ते!"

"बाबांचं नाव काढून खदखदा हसलीस. आणखी कोण असणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर कोलाचे खायला आली असतीस?"

तिने ओला फडका त्याच्या अंगावर फेकला. मग तिला आठवलं. "जोएल... ते दोनदाचं तुला माहीत नव्हतं ना? आणि मी हसले."

"हसण्यासारखंच आहे." तो बशी पुसत राहिला. कोरडी झाली तरी पुसत राहिला. "मी चार वर्षांचा असताना मला नवा कोट घालून एका लग्नाला नेलं होतं. कुणाचं लग्न ते कुणी सांगितलं नाही. आई फार सुंदर दिसत होती एवढंच आठवतं. ते तिचंच होतं, हे मला त्या दिवशी तुझ्याकडून कळलं." तो थोडा थांबला. "मीही तुझ्या आईचं बघितलं. दुसरं लग्न... सहा महिन्यांत रद्द?"

"त्या माणसाची नेब्रास्कात एक बायको होती. जिवंत. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं." लोर्नाने नळ बंद केला. "मी नऊ वर्षांची होते. आई वर्षभर चर्चला गेली नाही. म्हणून या वेळी मी आधी बघायचं ठरवलं."

"आणि माझा एकटा बाप कुणाच्या तावडीत सापडतोय ते बघायला मी गेलो."

"मग? काय ठरवलंस?"

"तावडी बरी वाटतेय," तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि तिच्या हातून बशी निसटली. ती त्याने वरच्यावर झेलली.

त्यानंतरचे दिवस सुगीचे. गावभर वाळणाऱ्या मक्याचा गोडसर वास, आणि यंत्रांची घरघर. जोएल कुठल्या तरी उंच कोठारावर चढून तिला फोन करायचा. "इथून तुझं दुकान दिसतं." "खोटं." "बरं, दुकानाचं छप्पर दिसतं." "त्यात काय बघायचं?" "छपराखाली कोण आहे ते माहीत असलं की छप्परही बरं दिसतं." लोर्ना चष्मे पुसता पुसता ऐकायची, आणि गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरची काच दाखवायची. ती प्रेमात पडली होती. ते तिला कळतही होतं, आणि त्यावर इलाज काही नव्हता.

मग एका संध्याकाळी तो तिला घरी सोडायला आला. ट्रकच्या काचेवर पावसाचे थेंब ओघळत होते. तो इंजिन बंद करेना, आणि ती उतरेना. त्याने तिच्या कपाळावरची बट मागे सारली, आणि हात तसाच राहिला...

मग त्याने तो काढून घेतला.

"बाबा परवा शीळ घालत होते," तो समोर बघत म्हणाला. "आई गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. लोर्ना, आपलं कळलं तर ते लग्न करणार नाहीत. गाव म्हणेल, बाप आईशी आणि पोरगा मुलीशी. त्यांना ते सहन होणार नाही. ते हसतील, तुम्ही करा म्हणतील, आणि घरी जाऊन एकटे बसतील."

"म्हणून?"

"म्हणून आपण थांबू. आपण... भाऊबहीण होऊ. लोक होतात."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण तुला काय वाटतं असं त्याने विचारलं नाही, आणि तीही याच काउंटीत वाढलेली. "बरं," असं म्हणून ती उतरली. त्या रात्री ती रडली, आणि सकाळी आईने विचारलं तेव्हा, सर्दी झालीय, असं सांगितलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार्लिस आणि ड्वेन परवाना काढायला कोर्टहाउसात निघाले. दोघांना ओळखणारा एक साक्षीदार लागतो, म्हणून मार्लिसने लोर्नाला बरोबर घेतलं. ड्वेनला गाडी लावायला जागा कधीच सापडत नाही, म्हणून गाडी जोएलने चालवली. वाटेत लोर्ना खिडकीतून कापलेली शेतं बघत होती. जोएल रस्त्याकडे इतकं लक्ष देत होता की जणू आजच गाडी शिकला होता.

बर्नडीनबाईंना कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे सरकवता येत नसे. "साक्षीदाराने शपथेवर सांगायचं," त्यांनी सुरुवात केली, "की वर आणि वधू मला माहीत आहेत, ते लग्नाला पात्र आहेत, आणि मी निःस्वार्थ व्यक्ती आहे. म्हणजे या लग्नात माझा स्वतःचा काही स्वार्थ गुंतलेला नाही. हं, पोरी, कर सही."

लोर्नाने पेन उचललं. पात्र तर होतेच. आईने आज जांभळा स्कार्फ घातला होता आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती. ड्वेनने टोपी काढून छातीशी धरली होती. फक्त नाव लिहायचं होतं. पण नेब्रास्कावाल्या त्या माणसाच्या वेळीही असाच कुणीतरी शेजारी आला होता, हसत हसत शपथ घेऊन, न बघता सही करून गेला होता. लोर्नाने पेन खाली ठेवलं.

"मला नाही करता येणार."

मार्लिसचा चेहरा पांढरा पडला. तिने ड्वेनच्या हातातला हात हळूच सोडवला. "लोर्ना... तुला काही कळलंय का? यांच्याबद्दल?"

"नाही आई! ते चांगले आहेत. फार चांगले आहेत." लोर्नाला पळून जावंसं वाटलं, पण आईचा तो चेहरा तसा ठेवून तिला जाता येईना. "अडचण माझीच आहे. बाई विचारतायत स्वार्थ आहे का, आणि आहे. मला त्यांचा मुलगा आवडतो. आवडतो म्हणजे... प्रेम आहे माझं त्याच्यावर. तुमचं लग्न झालं की तो माझा भाऊ होणार. मला तो भाऊ म्हणून नकोय, आई. मी खोटी शपथ कशी घेऊ?"

त्या खोलीत लग्नाच्या हजारो नोंदी होत्या, पण असं कुणी उघड बोलल्याची आठवण बर्नडीनबाईंना नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मग तुम्ही करा," त्या जोएलला म्हणाल्या.

"माझीही चालणार नाही," जोएल म्हणाला.

"तुम्हाला काय झालं?"

"हिला झालंय तेच."

ड्वेन टोपी हातात फिरवू लागला. "मार्लिस," तो फार हळू म्हणाला, "आपण थांबायचं का मग? पोरांसाठी?"

"थांबायचं?" मार्लिसच्या गालांवर रंग परत आला होता. "ड्वेन हावरकॅम्प, मी एकसष्ट वर्षांची आहे. मी कशाला थांबू? थांबायचं तर त्यांनी थांबावं. आधी नंबर आपला." आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"लोक..."

"लोक बोलतील. मागच्या वेळी कुणी काही बोललं नाही, त्याने काय भलं झालं माझं?"

ड्वेनने क्षणभर विचार केला. मग त्याने टोपी सरळ डोक्यावर घातली. बर्नडीनबाई दार उघडून बाहेरच्या गल्लीत ओरडल्या, "या दोघांना ओळखणारा कुणी निःस्वार्थ माणूस आहे का बाहेर? लवकर या!"

जोएल लोर्नाजवळ येऊन उभा राहिला. तिला वर बघायचा धीर होईना.

"हे मला ट्रकमध्ये सांगितलं असतंस तर?" तो म्हणाला.

"तू विचारलंस कुठे?"

"खरंय," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

आणि मग आई, बाप, बर्नडीनबाई आणि नुकताच आत आलेला टपालवाला, अशा सगळ्यांच्या देखत, त्याने विचारलं.